लोखंडेनं विचारलं होतं

अहो, तांदळाचा डबा उघडला की तुमचा आवाज येतो. म्हणजे येत नाही, हे मला कळतं. उत्रोलीचा आंबेमोहर संपत आलाय, डबा अर्ध्याच्या वर रिकामा झालाय आणि पत्र्याला माप आपटलं की घुमतं, एवढंच. पण ते घुमणं ऐकलं की माझा हात डब्यातच थांबतो. तेलाच्या रिकाम्या डब्यात तोंड घालून तुम्ही "सुमन" म्हणायचात ना, तेव्हा अगदी असंच घुमायचं. परवा मी झाकण तसंच लावलं आणि रुबीला म्हटलं, तूच काढ बाई तांदूळ. तर आपल्या ह्या लेकीनं डब्यात तोंड घातलं आणि तुमच्या त्या सपाट, लोखंडी आवाजात विचारलं, "सुमन, तांदूळ किती घेऊ?" मी तिच्यावर ओरडले. मग दोघी रडलो. मग भात केला.

तुम्ही गेल्यावरची इद्दत चालू आहे, त्यामुळे माझं बाहेर जाणं बंद. बायका येतात, जवळ बसतात, तुमचं चांगलं चांगलं सांगतात. रफिकभाई शांत माणूस होता म्हणतात, कुणाला कधी वर तोंड करून बोलला नाही म्हणतात. मी मान हलवते. शांत होतात हे खरंच आहे. चहा हवा असला तर बशीत कप जरासा फिरवायचात, तेवढ्यावरून मी ओळखायचं. मला हाक मारायची तर "अगं", तीही सणासुदीला. आपलं लग्न झालं तेव्हा बारावीचा निकाल नुकताच लागला होता माझा, चांगले गुण होते, डी.एड. करून मास्तरीण व्हायचं असं मी माझ्या मनाशी ठरवून टाकलं होतं. अब्बांनी तुमचं स्थळ ठरवलं. पहिल्याच आठवड्यात मी रागाच्या भरात हे सगळं तुम्हाला ऐकवलं, आणि तुम्ही टेबलफॅनची पाती पुसत होतात. सगळी पाती पुसून झाली, पंखा लावून बघितलात आणि दुकानात निघून गेलात. मला वाटलं, ह्या माणसाला ऐकू येत नाही की काय.

पण माइक हातात दिला की हाच माणूस नदीला पूर आल्यासारखा बोलायचा. आता येणाऱ्या बायकांना मी हे कसं सांगू? त्यांना तुम्ही मोबाईलच्या दुकानातले म्हणून माहीत. त्याच गाळ्यात आधी व्हिडिओ सेंटर होतं, आणि बाजाराच्या दिवशी तुम्ही टीव्ही, व्हीसीडी प्लेअर, दोन माइक आणि कापडाचा तंबू टेम्पोत घालून नसरापुरावरून विंझर, वेल्ह्याकडे खेळ दाखवायला जायचात, हे ह्या नव्या लोकांना कुठून ठाऊक असणार.

ते चिनी पिक्चर तुम्ही मुद्दाम आणलंच नव्हतं. पुण्याहून जुन्या सीडींचा गठ्ठा आणलात, त्यात ते निघालं. वरच्या कागदावर पत्र्याचा एक माणूस, त्याच्या पाठीला पाठ लावून उभी एक मुलगी आणि मागे जाळ. एक अक्षर वाचता येईना. लावून बघितलं तर हसावं का रडावं कळेना. भंगाराच्या ढिगात एका मुलीला रोबोट सापडतो, ती त्याला पुसूनबिसून चालू करते, काळे चष्मेवाले लोक त्याला परत न्यायला येतात, मग मारामारी, मग एका छपरावर वारा सुटलेला आणि दोघं नुसते बसलेले, मग परत मारामारी. रोबोटच्या पायाचा पत्रा वर सरकला की आतल्या नटाचा मोजा दिसायचा. विमान दोरीला टांगलेलं. एकच स्फोट तीन ठिकाणी. दुसरं कुणी असतं तर फेकून दिलं असतं. तुम्ही ते तीनदा बघितलंत आणि म्हणालात, "बोलनारं कुनी असलं तर ह्ये लई चालंल."

पहिल्या खेळाला तुम्ही एकट्यानंच सगळ्यांचं बोललात. रोबोटचं नाव लोखंडे ठेवलंत, मुलीचं सुमन, काळ्या चष्म्यांच्या म्होरक्याचं मुकादम. तेलाच्या डब्यात तोंड घालून लोखंडे झकास जमला म्हणे. पण सुमनसाठी तुम्ही बारीक आवाज काढलात तेव्हा बाप्यांनी शिट्ट्या मारल्या आणि बायका पदर तोंडाला लावून तंबूतून उठून गेल्या. घरी आलात, जेवलात, ताटात हात तसाच ठेवून बसलात. मग म्हणालात, "तू शाळंत नाटकात व्हतीस न्हवं?"

सासूबाईंना पटवायला आठवडा गेला. बाईमाणसाचा आवाज बाजारात न्यायचा, लोक काय म्हणतील? मग ठरलं की मी टीव्हीच्या बाजूला पलंगपोसाच्या आड बसायचं. चादरीला एक चीर ठेवायची, त्यातून मला पडदा दिसेल, मी कुणाला दिसणार नाही, नाव कुठेही घ्यायचं नाही. तालीम आपल्या खोलीत दार लावून. सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी आतून म्हटलं, "मला टाकून जाऊ नका हो," तर त्या सूप घेऊन तशाच आत आल्या, कोण कुणाला टाकून चाललंय बघायला.

तुमचं काम सोपं होतं, हे मी तेव्हाही म्हणायची आणि आजही म्हणते. लोखंडेला तोंडच नव्हतं. पत्र्याचं सपाट थोबाड, त्यात दोन दिवे. तुम्ही कधीही, कितीही बोला, कोण विचारतंय. माझ्या सुमनला ओठ होते. ते हलले की बोलायचं, मिटले की गप्प, जेवढे हलले तेवढंच. तुम्ही मोकाट सुटायचात आणि मी चिरेला डोळा लावून तिच्या ओठांवर टपून बसायची. ह्यावरून आपण किती भांडलोय. खरं तर आपण भांडलो असू ते ह्या एका पिक्चरवरूनच, बाकी भांडायला तुम्ही बोलायला तर हवं होतं.

आणि घोटाळा माझ्याकडूनच झाला, माझ्या पहिल्याच खेळाला. सुमन भंगारातून लोखंडेला काढते, पुसते, त्याचे दिवे लागतात, आणि तिचे ओठ पहिल्यांदा हलतात. तालमीत ठरलं होतं की तिनं म्हणायचं, "अरे, तू बोलतोस?" पण त्या डब्यातून तुमचा आवाज आला आणि माझ्या तोंडून "अरे" निघेचना. नवऱ्याला अरेतुरे कशी करायची, तीही बाजारात, माइकवर? मी म्हणून गेले, "अहो, ऐकलंत का?"

पुढे बसलेली एक बाई शेजारणीला म्हणाली, "नवरा हाय तिचा."

झालं. सगळ्या तंबूनं ते धरलं. तुम्ही चादरीच्या कडेनं माझ्याकडे बघितलंत, मी डोळे मिटले. पण तुम्ही असे वस्ताद, दुसऱ्या क्षणाला डबा तोंडाला लावून बोलायला लागलात. की मी तुझाच धनी हाय सुमन, पर मुकादमाच्या कारखान्यात मला अपघात झाला, त्येंनी माझं आंग काढून घेतलं आन् पत्रा बसवला, आता मला काय सुदिक आठवत न्हाई. चिनी लोकांनी काय गोष्ट बनवली होती ती त्यांनाच ठाऊक. वेल्हे तालुक्यात ती एका नवरा-बायकोची गोष्ट झाली. नवरा लोखंडाचा झालाय, आत माणूस आहे की नाही हे कळत नाही, आणि बायको रोज त्याला पुसून चालू करते. तंबूतल्या बायका हसता हसता गप्प व्हायच्या. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

किती मजा यायची, खोटं कशाला बोलू. मधल्या सुट्टीत मी बुरखा घालून बाजारात भाजी घ्यायला जायची तर बायका मलाच सांगायच्या, ती सुमन लई ग्वाड बोलती, पुन्याची नटी हाय म्हनं. मी म्हणायची, असेल बाई. टेम्पोत मागे बसून तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही हसायचात, आवाज न करता, खांदे हलवून. घरी यायच्या आत ते हसणं संपलेलं असायचं. कधी कधी वाटायचं, हा टेम्पो भोरला पोचूच नये.

आणि ते बोट. शेवटच्या मारामारीत लोखंडे मुकादमाला घेऊन भट्टीत पडतो, वर राहतो तो त्याचा एक हात. सुमन तो हात मांडीवर घेऊन बसते. नेमकी तिथेच सीडीला चरा पडला होता, चित्र फुटायचं, चौकोन चौकोन व्हायचे. तुम्ही म्हणायचात, बोट हललं. मी म्हणायची, ते चौकोन आहेत. तुम्ही लोकांना ठणकावून सांगायचात, "बगा, बोट हाललं, जीव हाय." मी माइक बंद करून हळूच म्हणायची, नाही हो. मागे घेऊन, पुढे नेऊन, पुसून, किती वेळा बघितलं आपण, निकाल लागला नाही.

तुम्ही गेलात त्या दिवशी तुम्हाला दुकानातून घरी आणलं. शेवटच्या आंघोळीला, गुस्ल द्यायला न्यायच्या आधी थोडा वेळ तुम्ही इथे होतात, माझ्याजवळ. चादरीच्या बाहेर उजवा हात राहिला होता. बायकांना वाटलं मी कलमा पढतेय. मी बोटाकडे बघत होते. तुम्ही म्हणाला असतात, हललं. मी खूप वेळ बघितलं. आता कुणी हो म्हणायलाही नाही, त्यामुळे मला नाही म्हणता येत नाही. दुपारी अंग टाकलं की अजूनही तो हात दिसतो, तसाच, चादरीच्या बाहेर.

आता विंझरचं. टाळून कुठे जाणार मी.

दुकानांच्या मागे पत्र्याची एक शेड होती, तिथला दुपारचा खेळ. छपरावरचा प्रसंग आला, वाऱ्याचा. त्यात एरवी तुम्ही वारा, चांदणं, काहीबाही बोलायचात. त्या दिवशी डबा तोंडाला लावलात आणि थांबलात. मग म्हणालात,

"सुमन, तुला शिकायला जायचं व्हतं. बापानं ह्या भंगारात आनून टाकलं. तू हितं ऱ्हायलीस ती माझ्यापायी, का दुसरीकडं जायाला वाट न्हवती म्हून?"

तालमीत हे नव्हतं. चिनी पिक्चरात तर नव्हतंच. म्हणजे पंख्याची पाती पुसताना तुम्ही सगळं ऐकलं होतंत. एवढी वर्षं ते तुमच्या आत होतं आणि मला वाटत होतं, ह्या माणसाला काही पोचलेलंच नाही.

तिकडे पडद्यावर सुमननं तोंड फिरवलं आणि तिचे ओठ हलले. थोडेसेच, दोन शब्द मावतील एवढे. माझा माइक चालू होता. आवाज फुटला नाही. कारण अहो, त्या दिवशी खरं उत्तर "वाट नव्हती" हेच होतं. ते मला तुम्हाला ऐकवायचं नव्हतं, आणि खोटं बोलायला जीभ वळली नाही. सगळी शेड सुमनच्या मुक्या ओठांकडे बघत राहिली. कुणीतरी म्हणालं, माइक गेला. तुम्हीच मग सावरून घेतलंत, सुमनला भरून आलं म्हणालात, आणि मारामारी आली.

घरी आल्यावर मी म्हटलं, असलं कुणी चारचौघांत विचारतं का? तुम्ही म्हणालात, "घरात इचारलं आस्तं तर सांगितलं आस्तंस?" मी म्हटलं, विचारून तर बघायचं होतं. तुम्ही सीडी पुसत होतात. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले, चांगली उभी राहिले. तुम्ही सीडी पाकिटात घातलीत आणि हातपाय धुवायला गेलात. पुढच्या बाजाराला मी टेम्पोत बसले नाही. चल, म्हणायला कुणी आलंही नाही.

मग तुम्ही एकटे जाऊ लागलात. मी एकदा विचारलं, सुमनचं कोण बोलतं आता? तर म्हणालात, मीच बोलतो, गोष्ट सांगितल्यासारखं सांगतो. आणि छपरावरचं? "त्ये काढून टाकलंय. पळवतो म्होरं." मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. नंतर रुबी झाली, घरोघर डिश आली, तंबू माळ्यावर गेला, गाळ्यात मोबाईल आले. आपण एकमेकांशी नीट वागत राहिलो. कप फिरला की चहा दिला.

एक गोष्ट मात्र तुम्हाला कधी सांगितली नाही. विंझरनंतर वर्षभरानं, रुबी व्हायच्या आधी, माझा मोठा भाऊ वाईहून आला होता. तुम्ही वेल्ह्याच्या बाजाराला गेला होतात. तो म्हणाला, तिकडे तुझा डी.एड.चा प्रवेश होतोय, मी सगळं बघितलंय, दोन वर्षं माझ्याकडे राहा, रफिकला मी सांगतो, तो काही नाही म्हणणार नाही. आणि तुम्ही नाहीच म्हणाला नसतात, हे मलाही माहीत होतं. सकाळपासून दुपारपर्यंत भाऊ ओट्यावर बसून होता. मी भाकऱ्या केल्या, त्याला वाढलं, आणि नको म्हटलं. तो म्हणाला, का? त्याला काय सांगणार. संध्याकाळी टेम्पो यायचा, तुम्ही तो लोखंडेचा डबा काखेत मारून उतरायचात आणि दारात चप्पल काढताना आधी आत बघायचात, मी कुठे आहे ते. बोलायचा काही नाहीत. बघायचात मात्र रोज. मला त्या वेळेला घरात असायचं होतं. भाऊ गेला. संध्याकाळी तुम्ही आलात, आत बघितलंत, मी चहा ठेवला.

मी वाट बघत होते पुन्हा विचाराल म्हणून. आता माझ्याकडे उत्तर होतं ना. पण न विचारता कसं सांगायचं? तुम्ही शांत, तर मी काय कमी हट्टी होते? शेरास सव्वाशेर भेटला, आणि दोघांचं हसं झालं.

काल विंझरच्या हिराबाई आल्या. तुम्ही ओळखाल, बाजारात पावटा घेऊन बसायच्या, माझ्या पहिल्या खेळाला "नवरा हाय तिचा" म्हणणाऱ्या त्याच. आता वाकल्यात. भोरला कामासाठी आल्या होत्या, स्टँडवर कळलं, तशा विचारत विचारत घरी आल्या. लोखंडे गेला व्हय, म्हणाल्या, आणि माझ्याजवळ फरशीवर बसल्या. रुबीनं पाणी दिलं. त्या सगळं पिक्चर सांगत बसल्या, मोजा, विमानाची दोरी, भट्टी. मी ऐकत होते. मग छपरावरचं सांगायला लागल्या.

मी म्हटलं, ते तर काढून टाकलं होतं ना?

"कुनी सांगितलं? त्याच्यासाटीच तर बसायचो आमी." आणि हिराबाईंनी सांगितलं की शेवटच्या खेळापर्यंत दर वेळी तुम्ही तेच विचारायचात, त्याच शब्दांत. मग पडद्यावर सुमनचे ओठ हलायचे, आणि तुम्ही तोंडावरचा डबा खाली करून तुमच्या साध्या आवाजात लोकांना म्हणायचात, "हितं ती काय म्हनली त्ये मला ऐकू आल्यालं न्हाई. तुमाला आलं आसंल तर सांगा."

म्हणजे बाकी सगळी सुमन तुम्ही बोललात. मुकादमाशी भांडणारी, रडणारी, हात मांडीवर घेणारी. तेवढी एक जागा मात्र तुम्ही मोकळी ठेवलीत. माझ्या तोंडी काही घातलं नाहीत.

बायका उत्तरं द्यायच्या म्हणे. कुणी म्हणायची, पोरांसाठी राहिली. कुणी म्हणायची, माहेरी भावजय वाईट असंल. एक म्हणाली होती, सवय झाली. तुम्ही पिक्चर थांबवून प्रत्येकीचं ऐकून घ्यायचात, मान हलवायचात, पण हे बरोबर असं कधी कुणाला म्हणाला नाहीत.

"तुमी घरच्या," हिराबाई म्हणाल्या, "तुमाला म्हाईत आसंल. काय म्हनली व्हती ती?"

मी म्हटलं, "वाट होती."

त्यांनी ते मनाशी लावून बघितलं. "म्हंजी जाता येत व्हतं, आन् गेली न्हाई."

"हो."

"मंग त्येला कुनी सांगितलं न्हाई व्हय ह्ये?"

मी नाही म्हटलं. हिराबाईंनी माझा हात हातात घेतला, आणि मला वाटतं, तेव्हा त्यांना माझा आवाज ओळखू आला. त्या गेल्यावर मी दाराकडे तोंड करून, तुम्ही चप्पल काढायचात तिकडे बघून म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, रुबीनं ऐकलं तरी चालेल इतक्या मोठ्यानं.

वाट होती, अहो. वाट होती.